परसातील फूल



ज्येष्ठाचे ऊन उतरणीला लागले म्हणजे आपल्या भागात जो तो आभाळाकडे पाहू लागतो. कापसाचा शेतकरी पहिल्या पावसासाठी पाहतो. केळीचा बागाईतदार वावटळीच्या धास्तीने पाहतो. कारण घड धरलेली बाग एका रात्रीत आडवी झालेली बुऱ्हाणपूर जिल्ह्याने अनेकदा पाहिली आहे. आणि ज्याच्या घरामागे दोन हात जागा आहे, किंवा तीही नसून ओट्यावर चार फुटके डबे मांडलेले आहेत, तो मनुष्य डब्यात खोचलेल्या काडीला पालवी फुटावी म्हणून पाहतो. पहिल्या दोघांची चिंता मोठी आहे व तिच्यापुढे या तिसऱ्याची चिंता हसण्यासारखी वाटेल. तथापि आज या तिसऱ्याविषयीच चार शब्द निवेदन करण्याची इच्छा आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील २६ वा श्लोक आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. भगवंतांनी तेथे चार वस्तूंची नावे घेतली आहेत. प्रथम पान, मग फूल, मग फळ आणि शेवटी पाणी. सोने, वस्त्र, अन्न यांचा तेथे उल्लेख नाही. माझे वडील पूजा सांगताना या श्लोकापाशी नेहमी थांबतात आणि दोन गोष्टी दाखवून देतात. एक अशी की, या चारही वस्तू बाजारात न जाता मिळण्याजोग्या आहेत. दारिद्र्याची सबब सांगून कोणी मागे राहू नये म्हणूनच जणू त्या निवडल्या आहेत. दुसरी अशी की, त्या एवढ्याशा श्लोकात भक्ती हा शब्द दोनदा येतो, आणि पानफुलांची नावे मात्र एकेकदाच येतात. यावरून देवाला वस्तूपेक्षा भाव प्रिय आहे असा अर्थ आपण काढतो व तो बरोबरच आहे. परंतु त्याच अर्थाची एक आळशी आवृत्तीही प्रचारात आहे. भावच पाहिजे ना, मग फूल कोठले का असेना! विकतचे असो, शेजाऱ्याचे असो, प्लास्टिकचे असो. येथे मात्र थोडे थांबून विचार केला पाहिजे.

भाव हा काही देव्हाऱ्यापुढे बसल्यावर पाच मिनिटांत उत्पन्न होणारा पदार्थ नव्हे. ज्याने जास्वंदीला आठ महिने पाणी घातले, तिच्या कोवळ्या शेंड्यावर पांढऱ्या कापसासारखी कीड दिसताच जो ती ओल्या फडक्याने पुसून काढीत बसला, कळी धरल्यापासून जो रोज सकाळी तिला पाहून आला, त्याच्या हातून ते फूल देवाच्या मस्तकी जाते तेव्हा त्या फुलामागून आठ महिने चालत येतात. आणि जास्वंद उमलून राहते ती बहुधा एकच दिवस. सायंकाळी ती मिटते. आठ महिन्यांचे श्रम आणि एका दिवसाचे फूल, हा हिशेब व्यापारी मनुष्याला कधीही पटणार नाही.

या विषयात आपले खरे गुरू श्रीसंत सावता महाराज होत. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात अरण नावाचे गाव आहे, तेथले ते माळी. जन्म इसवी सन १२५० चा आणि समाधी १२९५ ची, आषाढ वद्य चतुर्दशीची, असे मानले जाते. पंढरी काही फार लांब नव्हती. तरी ते वारीला गेले नाहीत अशी परंपरा आहे. मळ्यातील भाजीपाला, मोटेचे पाणी, खुरपे यांतच त्यांना विठ्ठल दिसत होता. त्यांनी खुरप्याने आपले वक्षःस्थळ उघडून देवाला आत लपविले, आणि नामदेव महाराज त्याला शोधीत राहिले, ही कथा कीर्तनकार रंगवून सांगतात. मला त्या कथेपेक्षाही एक साधी गोष्ट अधिक विचार करावयास लावते. सावता महाराजांचे अभंग लिहून ठेवले ते काशिबा गुरवांनी. गुरव म्हणजे देवळातला, पूजाअर्चेत वाढलेला मनुष्य. त्याला देव नवा नव्हता. तरी तो देऊळ सोडून मळ्याच्या बांधावर बसला आणि माळ्याच्या तोंडचे शब्द टिपू लागला. पुजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माझ्यासारख्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी हे योग्यच आहे. आजही अशी रीत आहे की, सर्व संतांच्या पालख्या पंढरीस जातात, परंतु सावता महाराजांच्या भेटीसाठी पांडुरंगाचीच पालखी अरणला येते.

कोणी विचारील की, सावता महाराजांचा मळा हा पोटापाण्याचा उद्योग होता. आपली पाचदहा झाडे म्हणजे हौस. हौस ही आसक्तीच नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. मोगऱ्याला पहिली कळी आली म्हणजे जो आनंद होतो तो काही वैराग्याचा आनंद नव्हे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण आसक्ती ज्या वस्तूला धरून बसते ती वस्तू आपण म्हणतो तशी राहावी असा तिचा हट्ट असतो. झाड हा हट्ट चालू देत नाही. आपण ठरविलेल्या दिवशी ते फुलत नाही. जाहीर केलेल्या उत्सवाला ते एक फूल देत नाही आणि दुसऱ्या दिवशी वीस देते. दहा वर्षे बागेत हात घालणाऱ्या मनुष्याच्या अंगी हट्ट फारसा उरलेला मी पाहिला नाही. आमच्या गावात अशी दोनतीन वृद्ध मंडळी आहेत. त्यांची बोलण्याची चालही झाडाला पाणी घालण्यासारखी संथ झाली आहे.

आता प्रत्यक्ष परसाकडे वळू. आपले तुकईथड हे सातपुड्याच्या अंगाचे, अकोला-खांडवा या जुन्या मीटरमापी मार्गावरचे गाव. येथे मराठी, हिंदी व कोरकू एकाच पारावर बोलल्या जातात. म्हणून एकाच फुलाला दोन नावे सहज असतात. शाळेत गुडहल म्हणावे आणि घरी येऊन जास्वंद म्हणावे, बाजारात हरसिंगार आणि आईच्या तोंडी प्राजक्त, तगरीला चांदनी व गोकर्णीला अपराजिता. लहानपणी मला वाटे की ही निरनिराळी झाडे आहेत. देवाची नावे अनेक व तत्त्व एक, हा सिद्धांत मला पुढे ग्रंथात भेटला. प्रथम भेटला तो कुंपणाशी.

घराघरांत प्रथम मान तुळशीचा. तुळशीविषयी एक गोष्ट सांगतो. रोजच्या पूजेत मंजिरी खुडून वाहण्याची आपली चाल आहे. ती केवळ उपचार नव्हे. मंजिरीत बी धरले की तुळशीची सारी शक्ती बियांकडे जाते, पाने बारीक होतात आणि झाड वाळणीला लागते. मंजिरी वेळेवर खुडली तर ते पुन्हा फुटवे धरते आणि अधिक काळ टिकते. द्वादशीला व रात्री तुळस तोडू नये या नियमाने तिला विसावाही मिळतो. मात्र कार्तिकात तुळशीचे लग्न झाल्यावर चारदोन मंजिऱ्या झाडावर वाळू द्याव्यात. त्यांचे बी चिमटीने चुरून ओल्या मातीवर भुरभुरावे, वर मातीचा थर जाड देऊ नये. बी फार बारीक असते आणि खोल गेले तर उगवत नाही.

मोगऱ्याची रीत निराळी आहे. त्याला बारा महिने सारखे पाणी देणारा मनुष्य पानेच पाहत बसतो. माघात त्याचे पाणी तोडावे, पाने झडू द्यावीत. मग फांद्या छाटून, बुंध्याशी माती मोकळी करून शेणखत द्यावे आणि फाल्गुनाच्या सुमारास पुन्हा पाणी सुरू करावे. चैत्र-वैशाखात, जेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांकडे चढतो व अंगणात पाऊल ठेववत नाही, तेव्हा तो फुलतो. यावर उपवासाचे महत्त्व सांगणारे एक प्रवचन सहज रचता येईल. मी ते रचीत नाही. मोगऱ्याने इतके केल्यावर त्याच्या डोक्यावर प्रवचनाचा भार कशाला? कळ्या मात्र सायंकाळी तोडाव्यात. त्या रात्री उमलतात, आणि फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याजवळ ठेवल्या की पहाटे दार उघडताच देवघर आपोआप जागे झालेले असते.

भाद्रपदातील गणेशपूजेच्या एकवीस पत्री पाहा. दूर्वा, बेल, शमी, आघाडा, माका, रुई, धोत्रा, डोरली, डाळिंब, बोर, मरवा, जाई, कण्हेर, केवडा, अर्जुन, पिंपळ, विष्णुक्रांता, हादगा, देवदार, मालती आणि त्या एकाच दिवशी गणपतीला चालणारी तुळस. यांतील निम्म्याहून अधिक नावे अंगणातली, बांधावरची व उकिरड्याच्या कडेची आहेत. माका कोणी लावीत नाही, तो ओलीत आपण होऊन येतो. आघाड्याला तर आपण तण म्हणून उपटतो. ज्या कोणी ही यादी बांधली त्याने पोराबाळांना वर्षातून एकदा तरी झाड ओळखावयास रानात धाडण्याची युक्ती केली, असे मला वाटते. आता पत्रीची जुडी बांधून विकत मिळते. गेल्या काही वर्षांत मी त्या जुड्या सोडून पाहिल्या आहेत. पाने एकवीस असतात, झाडे पाचसहाच असतात.

येथेच एका अप्रिय विषयाला हात घालतो. पहाटे अंधारात पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावरून फुले ओरबाडण्याची चाल आपल्या समाजात आहे, आणि ती देवभक्तांतच आहे. नास्तिक मनुष्य फुले चोरीत नाही. याला आधार म्हणून शास्त्राचे नाव पुढे करण्यात येते. गौतम धर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी समिधा आणि वेलीझाडांची फुले आपली समजून घेण्याची मोकळीक आहे, हे खरे. परंतु त्याच सूत्रात फळांविषयी बोलताना कुंपण नसलेल्या झाडांची, अशी मर्यादाही घातलेली आहे. रानावनांनी वेढलेल्या वस्तीतील ती सवलत आहे. दारात एकच जास्वंद असलेल्या विधवेच्या घराला ती लावू नये. जिच्या देवासाठी ते फूल होते तिच्या देवाला वंचित करून आपल्या देवाला वाहिले, तर देव निराळे आहेत असे आपण म्हटल्यासारखे झाले. मागून घ्यावे. मागितल्यावर नाही म्हणणारा झाडवाला मला आजवर भेटलेला नाही. उलट दोन फुले अधिक देऊन तो झाडाची सारी हकीकत ऐकवितो, आणि ती ऐकावी लागते एवढीच काय ती किंमत.

दोन वर्षांपूर्वी आश्विनात माझी आई वारली. परस तिचाच होता. आम्ही घरात पूजा करणारे. ती फुले पुरविणारी. सुतकाचे दहा दिवस देवळाची पूजा दुसऱ्या गृहस्थांनी सांभाळली आणि आमच्या घरचे फूल कोणी तोडले नाही. आश्विन हा प्राजक्ताचा महिना. रोज सकाळी झाडाखाली शुभ्र सडा पडे, केशरी देठ वर करून फुले पडलेली असत, आणि दुपारपर्यंत ती तेथेच तांबूस होऊन जात. जास्वंदीवर एका वेळी अकरा फुले मी मोजली. एरवी सकाळी सातनंतर त्या झाडावर फूल शिल्लक राहिलेले आम्ही कधी पाहिलेच नव्हते. गोकर्णीचा वेल निळा झाला होता. इतके दिवस या झाडांना किती फुले येतात हे आम्हांला ठाऊकच नव्हते असे म्हणावयास हरकत नाही. आम्हांला ठाऊक होत्या त्या परड्या.

वडील ओट्यावर बसून पाहत असत. चौथ्या का पाचव्या दिवशी मी त्यांना विचारले की, ही सारी फुले वाया गेली असे समजावयाचे का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाडावर होती तेव्हा कोणाची होती?" एवढेच. पुढे त्यांनी काही स्पष्ट केले नाही आणि मीही विचारले नाही. परंतु त्या दिवसापासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. कोणत्याही झाडाची सर्व फुले तोडावयाची नाहीत. प्रत्येकावर दोन तरी ठेवावयाची. देवळात कोणी उत्सवासाठी अधिक मागितली तरी वडील त्या दोनांना हात लावू देत नाहीत. मधमाशा येतात, फुलचुकी येते, रस्त्यावरून जाणारी शाळेची मुले थांबतात. ती पूजा नव्हे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउलींनी भक्ताचे लक्षण सांगताना वृक्षाचाच दाखला दिला आहे, की तो लावणाऱ्याला व तोडणाऱ्याला सारखीच सावली देतो. या दाखल्यातील लावणाऱ्याचा वाटा आपल्या पदरात पडावा, इतकी इच्छा धरावयास कोणती अडचण आहे?

खांडव्याचे कविवर्य माखनलाल चतुर्वेदी यांनी बिलासपूरच्या तुरुंगात असताना 'पुष्प की अभिलाषा' लिहिली, हे आपल्या भागातील प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. त्यांच्या फुलाला देवाच्या मस्तकीही जावयाचे नाही, देशासाठी प्राण देणाऱ्यांच्या वाटेवर पडावयाचे आहे. पुजाऱ्याच्या मुलाने ही कविता आवडते असे सांगावे की नाही कोण जाणे. पण फुलालाही काही इच्छा असेल, हा विचार प्रथम तीच कविता पाठ करताना मनात आला, हे सांगितले पाहिजे.

असो. आता प्लास्टिकच्या हारांविषयी. घरोघर तसबिरींवर, आणि कित्येक देवळांत प्रत्यक्ष मूर्तीवरही, हे हार वर्षभर लटकलेले दिसतात. सोय आहे, खर्च एकदाच, निर्माल्य नाही. वडिलांना यात राग येण्यासारखे वाटत नाही. ते म्हणतात की लोकांना वेळ नाही. मला मात्र राग येतो. ताजे फूल संध्याकाळी कोमेजते म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा देवापुढे जावे लागते. न कोमेजणारा हार घातला की देवाची आणि आपली गाठ दिवाळीच्या साफसफाईला, धूळ झटकण्यापुरती पडते. आणि खऱ्या फुलांचे निर्माल्य तरी आपण कोठे टाकतो? पिशवीसकट तापीमाईत. आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती साजरी करावयाची आणि उरलेले वर्षभर तिला पिशव्या वाहावयाच्या! मुलताईपासून समुद्रापर्यंत सुमारे सव्वासातशे किलोमीटर ती चालते. आपले ओझे तिच्या पाठीवर देण्याचे कारण नाही. परसाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा करावा, निर्माल्य त्यात घालावे, वर वाळका पाला व मूठभर माती पसरावी, मधून मधून पाणी शिंपडावे. दोरे व पिशव्या आधी काढून ठेवाव्यात. तीनचार महिन्यांत त्याचे काळे भुसभुशीत खत होते आणि देवाला वाहिलेले फूल पुढच्या फुलाच्या मुळाशी जाते.

पाण्याची सबब अनेक जण सांगतात. आपल्या बुऱ्हाणपुरात १६१५ साली, रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमीखालच्या बोगद्यातून शहरापर्यंत आणण्यासाठी कुंडी भंडारा बांधला गेला. थेंब थेंब गोळा करून त्या लोकांनी शहर जगविले. आपल्या कुंडीला तर तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी पुरते. त्याच बुऱ्हाणपुरापाशी, तापीपलीकडे जैनाबादला, आहूखाना नावाची मोगलांची बाग होती. १६३१ साली मुमताज बेगम बुऱ्हाणपुरात निवर्तल्यावर तिचा देह प्रथम तेथे ठेवला होता. आज तेथे पडक्या भिंती उभ्या आहेत. बादशहाच्या बागेला पदरी माळी पुष्कळ असतील, परंतु रोज सकाळी उठून हे माझेच काम आहे असे म्हणणारे घरचे माणूस तिला शेवटी उरले नाही.

औषधी झाडांविषयी फार लिहीत नाही. तो वैद्यांचा प्रांत आहे. गवती चहा, पुदिना, ओव्याची पाने, कढीलिंब, अडुळसा व कोरफड एवढी घरात असावीत. यांना फारसे मागणे नसते. कडुलिंबावर गुळवेल चढवावा. मात्र कण्हेर व पिवळी बिट्टी ही देवाची फुले असली तरी सर्वांगी विषारी आहेत. बिट्टीच्या बिया पोरे खेळावयास घेतात, त्या घेऊ देऊ नयेत, आणि ही झाडे बकऱ्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशा जागी लावावीत. धोत्र्याचेही तसेच.

नवीन घरे बांधताना पुढचे अंगण भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशीने झाकण्याची पद्धत पडत चालली आहे. चिखल होत नाही हे खरे. ज्यांचे बांधकाम चालू असेल त्यांना हात जोडून विनंती आहे की, दाराजवळ हातभर लांब आणि हातभर रुंद एवढा तुकडा मातीचा ठेवावा. तुळशीला तो पुरतो. ज्यांची फरशी झाली आहे त्यांनी डब्यांत लावावे.

मृगाचा पाऊस लागला म्हणजे काड्या लवकर धरतात. आईने लावलेल्या जास्वंदीच्या, तगरीच्या व मोगऱ्याच्या काड्या, प्राजक्ताची रोपे आणि तुळशीचे बी देवळाच्या मागच्या पडवीत ठेवले आहे. सकाळच्या आरतीनंतर कोणीही येऊन मागावे. सोबत पत्र्याचा जुना डबा आणावा, आणि त्याला खिळ्याने खालून तीनचार भोके घरीच पाडून आणावीत. देवळात हातोडी एकच आहे.